कपार नसलेली विहीर

माघ सरत आला की आमच्याकडचं शेत उघडं पडतं. एवढे महिने छातीएवढी उभी असलेली कपाशीची पऱ्हाटी उपटली जाते, काड्यांचे ढीग धुऱ्यावर, बांधावर लागतात, आणि इतके दिवस न दिसलेली शेजारच्या नामदेवची शेतातली गवताची खोपडी एकदम समोर येऊन उभी राहते. सकाळी शाल लागते आणि दुपारी तीच शाल ओली करून डोक्यावर घ्यावीशी वाटते. तुरीच्या मळणीचा भुसा हवेत तरंगत असतो. तो नाकात जातो, चहात पडतो, सोलरच्या प्लेटांवर जाऊन बसतो. नाल्याच्या काठचा पळस पेटतो. आणि याच दिवसांत गावात घरोघरी पोरांच्या घोकण्याचा आवाज सुरू होतो. बारावीची परीक्षा. विहारावरचा भोंगा गप्प होतो, लग्नाचा डीजेवालासुद्धा थोडी लाज बाळगतो.

यंदाही तो आवाज आला. नामदेवची नात प्राची त्यांच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचत होती, इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीच्या वर्षी गुरं माझ्या हवाली झाली. पण त्या सगळ्या गडगडाटात एक शब्द ओळखीचा निघाला. फोटोइलेक्ट्रिक. भर बाजारात आपल्या माणसाचा आवाज ओळखू यावा तसा. मी हातातला विळा खाली ठेवला आणि उठून मागच्या अंगणात गेलो. तिथे काही काम नव्हतं.

हा शब्द मला आचलने दिला. आचल माझी नात, मुलाची मुलगी. मुलगा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सीझन सुरू झाला की तो तिकडेच राहतो. घरी मी, सून वंदना आणि आचल. माझी बायको आधीच गेली. आचलजवळ लाल कार्ड होतं. आमच्या भागात लाल कार्ड म्हटलं की पुढे विचारायची गरज पडत नाही. बाहेरच्या माणसासाठी सांगतो: सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. थंडी पडली, पाणी कमी प्यालं, जीव थकला की हाडं ठणकतात. साधं दुखणं नाही ते. लहानपणी ती उशी दातात धरायची आणि आम्ही दाराबाहेर उभे राहायचो.

हा आजार आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा येतो, तेव्हा कुठे पुरा होतो. डॉक्टरने हे तिच्या समोरच सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "अर्धं बाबाकडून, अर्धं मायकडून. आन् हट्ट मातर पुरा आबाजीकडून." डॉक्टर हसले. मीही हसलो. घरी येऊन वंदना चुलीपाशी बराच वेळ नुसती बसून होती.

आमच्याकडे अभ्यासाची एक रीत आहे. वाचून झालं की कोणाला तरी समोर बसवायचं आणि त्याला सांगून दाखवायचं. ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे असं नाही. बहुतेक पोरांच्या समोर त्यांची आई बसते, ती भाजी निवडत असते, हं हं म्हणते, आणि पोराचा धडा पक्का होतो. आचलने मला धरलं. ही तिची चूक म्हणा किंवा हुशारी म्हणा. कारण मी हं हं म्हणणारा माणूस नाही. मला पटलं नाही तर मी ग्रामसभा उधळली आहे. सोलरचा पंप बसवायला आलेल्या माणसाला दोन वेळा खड्डा बदलायला लावला आहे. गावात म्हणतात, बुढ्याला देवसुद्धा पटवू शकत नाही. देव आम्ही मानत नाही, पण म्हणण्याचा अर्थ खरा आहे.

तर गेल्या वर्षी एका सकाळी मी शेतात प्लेटा पुसत होतो. जुन्या लुगड्याचा बोळा, बादलीत पाणी. ती धुऱ्यावर पुस्तक घेऊन बसली होती, पाय उन्हात पसरून. तिच्या हाडांना ऊन हवं असायचं. म्हणाली, "आबाजी, तुमी जे पुसून राह्यले ना, त्याच्याच भावकीतला धडा हाय हा. आयका."

मग तिने सांगितलं. उजेड हा पाण्याच्या धारेसारखा सलग येत नाही. तो पुड्या-पुड्यांनी येतो. लाल उजेडाची पुडी लहान, निळ्याची मोठी, आणि त्याच्याही पलीकडे डोळ्यांना न दिसणारा एक उजेड आहे, त्याची पुडी आणखी मोठी. धातूच्या आत बारीक कण असतात, धातूने त्यांना धरून ठेवलेलं असतं. उजेडाची एक पुडी एका कणाला लागते. पुडी पुरेशी मोठी असली तर कण त्याच क्षणी सुटून बाहेर पडतो. लहान असली तर नाही पडत.

"मंग लहान पुड्या जास्त टाकाव्या," मी म्हणालो.

"नाई निघत."

"काऊन नाई निघत? दहा जण लागले का चिखलातली बैलबंडी निघते."

"हे बंडीचं नाई होय, आबाजी. लाल उजेड ढीगभर टाका, हजार वर्सं टाका. एकबी कण निघत नाई. आन् निळा उजेड, मोठ्या पुडीचा, जरासा पडला का लगेच निघते."

"थोडं थोडं साचतच असन ना?"

"साचत नाई. हेच तं सारं हाय त्याच्यात. साचत नाई."

मी बोळा पिळला आणि म्हणालो, "खोटं हाय."

साचत नाही, हे मला कसं पटावं? माझा सगळा जन्म साचण्यावर गेला. विहीर झिरप्यानेच भरते. बोंडाबोंडातून ओटीत, ओटीतून गाठोड्यात, असाच कापूस घरी येतो. माझा बाप दीक्षा घेऊन आला तेव्हा त्याने घरातले देव नाल्यात सोडले आणि मला शाळेत घातलं. तो मला चार वर्गांपर्यंत पुरला, मी मुलाला दहावीपर्यंत नेलं, आणि आता ही पोरगी बारावी सायन्सला होती. आमच्या घरात जे काही होतं ते थोडं थोडं साचूनच झालेलं. आणि ही मला सांगत होती की जगाच्या अगदी आतमध्ये, जिथे कोणी पाहत नाही तिथे, साचण्याला किंमत नाही.

तिने त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं, "तुमी समजलं म्हनसान ना, तवाच हा धडा झाला असं मी समजीन. तुमच्यासारख्या हट्ट्याले पटवता आलं तं पेपरवाल्याचं काय भेव?"

झालं. तेव्हापासून तो आमचा रोजचा धंदा झाला. मी गुरांना पाणी दाखवत असलो की ती मागून यायची, वंदना भाकरी थापत असली की तिच्या समोर आमचं सुरू व्हायचं. वंदना म्हणायची, "जेवा मंग भांडा." ती उदाहरणं आणायची, मी मोडायचो. एक दिवस तिने विहीर आणली.

"समजा, एक विहीर हाय. आतून गुळगुळीत. तळाशी एक बेडूक हाय. त्याले बाहेर याचं हाय. एका उडीत काठापर्यंत पोचला तं सुटला. नाई पोचला तं पुन्हा तळाशी. लहान उड्या शंभर मारल्या तरी तो तळाशीच. आता समजलं?"

मी तंबाखू मळली. मळता मळता विचार केला. म्हणालो, "आन् कपार असली तं?"

"कोनती कपार?"

"विहिरीले कपार असते. दगड निघाला असते, खाच असते. बेडूक अर्ध्यावर जाते, कपारीत बसते, दम खाते, मंग दुसरी उडी मारते. म्या डोळ्यानं पायलं हाय."

 ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि वंदना पाण्याचा गिलास घेऊन धावत आली. "माये," आचल म्हणाली, "ह्या बुढ्याले कालेजात घाल. सर नोकरी सोडून जाईन."

पाणी पिऊन झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "ह्या विहिरीले कपार नसते, आबाजी. अर्ध्यावर थांबाची जागाच नसते."

मी म्हणालो, अशी विहीर मी पाहिली नाही.

आणि मग मी तो जाळ केला. आठवलं की हसू येतं, म्हणजे हसायला सुरुवात होते. मला वाटलं, बोलून काय होतं, करून दाखवावं. सोलरचा पंप उजेडावर चालतो ना? सूर्य बुडाला की थांबतो ना? मग सूर्य बुडाल्यावर त्याला दुसरा उजेड दाखवू. लाल तर लाल. भरपूर दाखवू. पऱ्हाट्यांचे सगळे ढीग मी प्लेटांच्या समोर ओढून आणले, प्लेटा तापून तडकणार नाहीत एवढं अंतर ठेवून. सूर्य गेला, पंपाचं पाणी बारीक होत होत बंद पडलं, आणि मी काडी लावली.

पऱ्हाटी कशी पेटते ते पाहिलेल्यालाच माहीत. आधी चरचर, मग फडफड, मग एकदम हुंकार. साऱ्या प्लेटा लालभडक झाल्या. धुऱ्यावरची बाभूळ लाल, बैल लाल, आचलचं तोंड लाल. मी पंपाच्या तोंडाशी हात धरून उभा, आता येईल, आता येईल. पाणी काही येईना. नामदेव आपल्या खोपडीतून ओरडला, "काय बे बुढ्या, सोलर बाळंतीण झाली का? शेक देऊन राह्यला तिले!"

मी आणखी काड्या टाकल्या. पंपाने थेंब टाकला नाही.

मी हरलो होतो. ते तोंडाने म्हणायला मला जड जात होतं, तेवढ्यात तीच म्हणाली, "नाई, आबाजी. हे मी जितली असं मले म्हनता येत नाई. ह्या प्लेटांची पकड ढिली हाय, त्यायले लाल उजेडबी चालते. तुमचा जाळ कमी पडला, एवढंच. मी म्हनतो ते दुसऱ्या धातूचं हाय."

तिला खोटं जिंकायचं नव्हतं. समोरचा अडाणी आहे, काहीही सांगितलं तरी त्याला खपेल, असं तिने एकदाही धरलं नाही. मला माझ्या जन्मात पुष्कळ शिकलेल्या माणसांनी पुष्कळ गोष्टी समजावल्या. माझ्याशी एवढं सरळ कोणी भांडलं नाही.

जाळ बसत गेला तशी ती जवळ सरकली. निखाऱ्यांसमोर गुडघे धरून बसली. म्हणाली, "पंप नाई चालला, पण माहे गुडघे मस्त शेकले." मी उरलेल्या काड्या हळूहळू टाकत राहिलो, तिचे गुडघे शेकावेत म्हणून. निखाऱ्याच्या बुडाशी कुठे कुठे निळी जीभ दिसत होती. तिने बोट दाखवलं. "तो पाहा, निळा. जरासाच हाय, पण त्याची पुडी मोठी." मी पाहिलं. आजही कुठे विस्तव दिसला की मी आधी निळं शोधतो.

परीक्षा सुरू झाली. इंग्रजीचा पेपर ती देऊन आली. तिला पेपरात जास्तीचा वेळ मिळायचा, आजारामुळे. तो तिने घेतला नाही, वेळेत लिहून उठली. मी रागावलो, "देल्लं ते घेत जाय ना व." ती म्हणाली, "तुमी कोनाचं घेता का?"  पण बसमधून उतरताना तिने दांडा घट्ट धरला होता, ते मी पाहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे थंडी उलटून आली. गारपिटीची थंडी, हरभरा काळा पाडणारी. दुपारपर्यंत तिला छातीत दुखायला लागलं. या वेळी हातापायांत नव्हतं, छातीत होतं. नामदेवच्या पोराने गाडी काढली आणि आम्ही वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात गेलो.

फिजिक्सचा पेपर ती दवाखान्यात असताना झाला. ती पडल्या पडल्या घड्याळ बघत होती. पेपर सुटायच्या वेळी तिने फक्त एवढंच म्हटलं, "सुटला." त्यात तो प्रश्न आला होता का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

दवाखान्यातले दिवस मला उजेडावरून आठवतात. खिडकीतून दुपारी तिच्या पायांवर एक पट्टा पडायचा, तो सरकत भिंतीवर जायचा. वर दिवसाही जळणारी पांढरी नळी. तिच्या हाताला सलाईन, दुसऱ्या खांबावर रक्ताची पिशवी. पिशवी संपली की दुसरी. मुलगा जिनिंगमधून आला, त्याने पिशवीच्या बदल्यात रक्तपेढीत रक्त दिलं. गावची पोरं आली, त्यांनी दिलं. डॉक्टर चांगले होते, सगळं समजावून सांगायचे. म्हणायचे, देतो आहोत, पण रक्ताचा आकडा वर चढत नाही. थोडं चढतं आणि पुन्हा खाली येतं.

एका दुपारी मी बाहेर बाकावर बसलो होतो. चपलेला शेतातली काळी माती वाळून चिकटलेली. ती मी नखाने काढत होतो. आतून डॉक्टरांचं तेच वाक्य ऐकू आलं: थोडं चढतं आणि पुन्हा खाली येतं. माझा हात थांबला. मला विहीर दिसली. आतून गुळगुळीत. खाली तळाशी माझी पोरगी. आम्ही सगळे वरून देत होतो, वंदना, तिचा बाप, गावची पोरं, डॉक्टर, सगळे, थोडं थोडं, जीव लावून, ढीगभर. आणि ते साचत नव्हतं. प्रत्येक उडी अर्ध्यावर जात होती आणि अर्ध्यावर थांबायला जागा नव्हती. ती ज्या एका उडीत काठावर येईल, तेवढं एकदम द्यायला आमच्यापैकी कोणाजवळ नव्हतं.

तो धडा मला समजला. पुरा समजला, आत कुठे शंका राहिली नाही. असा समजायला नको होता.

आत गेलो. तिने नाकावरची नळी सरकवली, आवाज बारीक झाला होता. "आबाजी, इचार केला का इहिरीचा?"

"केला."

"मंग? समजलं?"

मी तिच्याकडे पाहिलं. समजलं म्हटलं असतं तर धडा झाला असता. तीच तर अट होती. धडा झाला म्हणजे पुस्तक मिटायचं. म्हणजे उद्या सकाळी तिला मला सांगायला काही उरायचं नाही.

"नाई समजलं," मी म्हणालो. "कपारीचं काई पटत नाई मले."

ती हसली, ओठांपुरतं. "बुढा मोठा जिद्दी हाय. बरं, उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी रोज नाही म्हणत गेलो. मग एक दिवस सांगण्याइतका दम तिच्यात उरला नाही. तेव्हा मी तिचा हात धरून बसलो आणि पळस गळायच्या आत ती गेली.

तिच्या मागच्या कार्याला, पुण्यानुमोदनाला, गाव लोटलं. वंदना आचलचे कपडे घडी करत होती आणि पुन्हा मोडून घडी करत होती. लोकांनी मला पुष्कळ समजावलं. सारं अनित्य आहे, हे मी लहानपणापासून ऐकतो आणि ते खरं आहे. पण त्या दिवशी त्यातलं काही आत लागलं नाही. मी भिंतीला टेकून मेणबत्तीकडे पाहत होतो. वातीच्या बुडाशी निळं होतं, जरासंच. तेव्हा मला बाहेर जावं लागलं.

यंदा मी पऱ्हाट्या जाळल्या नाहीत. नामदेव म्हणतो, उधई लागेल, वाळवी सगळं खाईल. लागू दे. ढीग धुऱ्यावर आहेत, प्लेटांच्या समोर. सकाळी मी प्लेटा पुसतो, पंप गुरगुरतो, पाणी येतं. उजेडाची पुडी लागली आणि कण सुटला, मी मनात म्हणतो. हे मला आता कोणी विचारत नाही.

काल संध्याकाळी प्राची आमच्या ओट्यावर आली, पुस्तक छातीशी धरून. "आबाजी, जरासं आयका ना. घरी कोनी आयकत नाई. आजोबा तं झोपूनच जाते."

"कोनता धडा हाय?"

तिने नाव सांगितलं. मी तोंड रस्त्याकडे फिरवलं. ती थोडी घाबरली आणि भराभर म्हणाली, "म्हंजे तुमाले तं येते हे. म्हून आली."

"कोन म्हनते मले येते?"

"आचलताई. दवाखान्यातून फोन केलता ना तिनं मले. म्हने, आबाजीले समजलं हाय, तोंडावरून दिसते. पण बुढा कबूल होत नाई."

वंदना आत तांदूळ निवडत होती. तिचं सूप थांबलं.

"आन्?" मी विचारलं.

"आन् मी म्हटलं, मंग तू काऊन रोज सांगतं? तं म्हने, होऊ देऊ नोको त्याले कबूल. कबूल झाला तं मंग उद्या मी कोनाले सांगू?"

समोरच्या रस्त्याने हिंगणघाटची बस गेली, तिच्या खिडक्यांवर बुडत्या सूर्याचं लाल पडलं होतं. धूळ बराच वेळ खाली बसली नाही. प्राची वाट पाहत उभी होती. मी थोडा सरकलो, ओट्यावर तिला जागा करून दिली.

"मले नाई समजलं अजून," मी म्हणालो. "तू सांग."

ती बसली. पुस्तक तिने उघडलंच नाही. "समजा, आबाजी, एक विहीर हाय. आतून गुळगुळीत. तळाशी एक बेडूक हाय. त्याले बाहेर याचं हाय."

मी तंबाखूची डबी काढली. चिमूटभर तंबाखू तळहातावर घेऊन मळली.

"आन् कपार असली तं?" मी विचारलं.